थंड भट्टीचे पाच दिवस

गुन्हेगाराचा माग लागला म्हणून सरकारी कार्यालयात कुणी पेढे वाटत नाही. पण त्या सोमवारी पुण्यात औंधच्या चलन-मागोवा केंद्रात साडेअकरालाच पेढे आले. आणायला सांगितले होते खुद्द संचालक मंदार केळुसकरांनी, आणि केळुसकर म्हणजे स्वतःच्या वाढदिवसालाही खिशात हात न घालणारे गृहस्थ. काहीतरी मोठं घडलंय, हे शिपायापासून सगळ्यांच्या लक्षात आलं.

आणि ते खरंच मोठं होतं. केंद्रातल्या ‘कस’ नावाच्या यंत्रणेनं ‘अनाम’ या डिजिटल नाण्याची त्रेसष्ट निनावी पाकिटं एका रांगेत आणून उभी केली होती. देशभर विखुरलेली ही पाकिटं दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पाच दिवस एकदम गप्प व्हायची आणि सहाव्या दिवशी एकदम बोलू लागायची. पाकिटं त्रेसष्ट, पण चालवणारा हात एकच, असा ‘कस’चा निर्वाळा होता. खोट्या पोलिसांचे फोन करून म्हाताऱ्याकोताऱ्यांची पेन्शन लुबाडणाऱ्यांचा पैसा याच पाकिटांच्या दिशेनं यायचा आणि इथंच कुठेतरी नाहीसा व्हायचा, एवढं केंद्राला दोन वर्षांपासून माहीत होतं. आता हातही सापडला होता. पुढच्या सोमवारी नियमन समितीपुढे ही पहिली शिकार मांडायची, असं ठरून गेलं.

‘कस’ जिनं घडवला ती शर्वरी नलवडे हातात पेढा घेऊन पडद्यापुढे उभी होती. लोक येऊन तिचं अभिनंदन करत होते आणि ती हसून मान डोलवत होती, पण तिचं लक्ष तारखांवर होतं. एका वर्षी ही पाकिटं आठ एप्रिलला गप्प झाली होती, पुढच्या वर्षी एकोणतीस मार्चला आणि त्याच्या पुढच्या वर्षी एकदम सोळा एप्रिलला. यंत्राला एवढंच कळलं होतं, की हे चंद्राच्या मापानं चाललंय. शर्वरीनं मनातल्या मनात तिथी लावली. चैत्र शुद्ध एकादशी ते पौर्णिमा. तिनं पेढा हळूच टेबलावर ठेवला.

ती तिच्या गावची जत्रा होती.

शर्वरीचं गाव माळवंडी, विट्याच्या पुढं, पाऊस ज्या बाजूला फिरकत नाही तिथलं. शेतीत राम नाही म्हणून गावातल्या माणसांनी तीन पिढ्यांपूर्वी गलाईचा धंदा धरला. सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ आणि घासलेला भुगा विकत घ्यायचा, मुशीत घालून भट्टीत आटवायचा, आणि त्या घाणीतून गुंजभर सोनं काढायचं. या धंद्यापायी माळवंडीची घरं कुठं कुठं गेली. कुणी तिरुचीला, कुणी गुवाहाटीला, आणि शर्वरीचे वडील हणमंत नलवडे बरेलीला. शर्वरी लहानाची मोठी भट्टीच्या वरच्या खोलीत झाली. तेजाबाच्या वासात तिनं अभ्यास केला आणि गणितात सगळ्यांना मागं टाकलं. आपल्या यंत्रणेला तिनं ‘कस’ हे नाव दिलं तेही वडिलांच्या धंद्याकडे बघून, आणि ते कळल्यावर हणमंतराव बरेलीतल्या अर्ध्या सराफ बाजाराला सांगत सुटले होते.

गाव असं विखुरलं, पण एक रीत कुणी सोडली नाही. सिद्धनाथाची पालखी देवळातून निघून परत येईपर्यंतचे पाच दिवस भट्टी पेटवायची नाही. भट्टीच्या तोंडावर नारळ ठेवायचा, आणि देणं-घेणं बंद. गावी जायला जमलं तर उत्तम. नाही जमलं तरी गुवाहाटीत बसून भट्टी थंड ठेवायची. लग्नसराईचे दिवस असोत, सोनाराची घाई असो, कुणी मोडायचं नाही. मोडलेलं कुणी ऐकलंही नव्हतं.

‘अनाम’ हे नाणं येऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. हे नाणं कुणी दिलं, कुणाला दिलं, किती दिलं, यातलं काहीच जगाला दिसत नसे. अमुक क्षणी कुठेतरी काहीतरी हललं, एवढंच दिसे. सरकारनं महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत त्याला मुभा दिली होती, आणि ती वापरणाऱ्यांत साधी माणसंच जास्त होती. आपल्या दुकानात किती काम चालतं हे शेजारच्या सोनाराला कळू नये असं प्रत्येक सोनाराला वाटतं, म्हणून गलाईवालेही धुळीचे पैसे ‘अनाम’मध्येच देत. मात्र काळा पैसा पांढरा करणाऱ्यांनी याच मुभेचा फायदा उठवला. ते आपली नाणी मिसळणाऱ्यांकडे देत. मिसळणारे त्यांचे हजार तुकडे करत आणि एकेक तुकडा कमीजास्त उशीर लावून सोडत. मग कोण कुठून आलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे.

शर्वरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. कसाही, कितीही उशीर लावा, तुकडे लाखो झाले की ते उशीर एकमेकांना खाऊन टाकतात. सरासरी काढली की ते सगळे पुसले जातात आणि खाली उरतं ते माणसाचं वागणं. तो कधी उठतो, दुपारी किती वाजता जेवतो, सणाला काय करतो. पलीकडच्या खोलीत बसूनही नुसत्या लाटण्याच्या आवाजावरून आपल्याला कळतं, की पोळ्या आई करतेय की काकू. ‘कस’ तसंच ऐकायचा. नाव त्याला कळत नसे, पण तीच लय पुन्हा ऐकली की तो तिला ओळखायचा. ‘अनाम’ देऊन रुपये घ्यायचे तर परवाना असलेल्या खिडकीवर जावंच लागे. तिथं ‘कस’नं ओळखलेलं पाकीट अडवता येत होतं.

नव्या कायद्यात शर्वरीच्याच प्रबंधातलं एक वाक्य जसंच्या तसं गेलं होतं. एक लय म्हणजे एक हात. समितीनं मान्य केलं, की त्या लयीची सगळी पाकिटं एकदम गोठवायची आणि जप्त करायची.

म्हणजे तिरुचीपासून गुवाहाटीपर्यंतची सगळी. त्यात हणमंत नलवडेंचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रोजच्यासारखा वडिलांचा फोन आला. ते खुशीत होते. यंदा जत्रेत देवळापुढं तिचा सत्कार करायचं गावानं ठरवलं होतं. फेटा कोल्हापूरहून मागवणार होते, आणि माळवंडीच्या पोरीनं चोरांची झोप उडवली असं कुणीतरी फलकावर लिहिणार होतं. शर्वरी हं हं करत राहिली. एक वाक्य बोलली असती तर तासाभरात सगळ्या दुकानांना खबर लागली असती आणि पाकिटं रिकामी झाली असती. पण तपासाची खबर फोडणाऱ्याला तीन वर्षांची शिक्षा होती आणि ती तरतूद व्हावी म्हणून तीच समितीशी भांडली होती. शिवाय घोळक्यात कुणीतरी खरा चोर होता, आणि खबर फुटली की पहिला पळणार तोच. तिनं वडिलांना जेवण वेळेवर करा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिला स्वतःची फार लाज वाटली.

मग ती कामाला बसली. माळवंडीचा माणूस चोर असूच शकत नाही असं मानायला ती काही देवळातली गुरवीण नव्हती. गावात लबाड माणसं होती, तिच्या चुलत्याचं नाव तिनं त्यांत पहिलं घेतलं असतं. तिनं सहा वर्षांची सगळी माहिती पुन्हा उलगडली. सहा कशी, पाचच वर्षं होती. मधलं एक वर्ष गाळलेलं होतं, आणि शेरा होता, ‘माहिती सदोष, तिथीशी जुळत नाही.’ शेऱ्याखाली तिचीच सही होती.

तिनं ते वर्ष परत आत घेतलं आणि बघत राहिली. त्या वर्षी एकादशीला पाकिटं गप्प झालीच नव्हती. ती गप्प झाली तेरा दिवसांनी.

तेरा म्हटल्यावर तिला सगळं आठवलं. पालखीचा पहिला खांदा मोहित्यांच्या घराचा. त्या साली दशमीला थोरले मोहिते गेले आणि त्यांच्या घरात सुतक आलं. पहिल्या खांद्याशिवाय पालखी कशी उचलायची म्हणून गावानं जत्राच तेरा दिवस पुढं ढकलली. फोनाफोनी होऊन निरोप गेले. ना पंचांगात, ना वर्तमानपत्रात, कुठंही त्याची नोंद नव्हती. ज्याला माळवंडीतून फोन आला त्यालाच ते कळलं, आणि त्यानं आपली भट्टी तेरा दिवसांनी थंड केली. ती स्वतः त्या वर्षी गावी गेली होती, गुलालानं माखून परत आली होती, आणि ऑफिसात येऊन तेच वर्ष सदोष म्हणून गाळून टाकलं होतं.

बासष्ट पाकिटं तेरा दिवसांनी गप्प झाली होती. एक मात्र पंचांग धरून एकादशीलाच गप्प झालं होतं, आणि बाकीच्यांनी भट्ट्या थंड केल्या तेव्हा त्याचे व्यवहार जोरात चालू होते.

ते माणसाचं नव्हतं. कुणीतरी संगणकाला कळप शोधायला लावलं होतं. दर वर्षी एकदम गप्प होणारी साधी माणसं शोध, त्यांची तिथी शिक आणि त्यांच्यात मिसळून जा. संगणक तिथी बरोबर शिकला होता. मोहित्यांचं सुतक त्याला कुणी कळवलं नव्हतं.

शर्वरी खुर्चीत मागं टेकून एकटीच हसली. तिला आपल्या गावाचा असा अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता. सणाला घरी जायचं म्हणून वाटतो तसला तो नव्हता. जगातल्या हुशार चोरांना ज्या गावाची नुसतं पाहून नक्कल करता आली नाही, त्या गावची आपण, असा काहीसा होता.

केळुसकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. ते वाईट माणूस नव्हते. दहा वर्षं त्यांनी या केंद्रासाठी दिल्लीचे उंबरे झिजवले होते. त्यांनी शांतपणे तिला हिशेब समजावला. हे समितीला सांगायचं तर पुरावा कोणता, तर मोहित्यांचं सुतक, आणि ते ठाऊक कुणाला, तर संशयितांना आणि तिला. म्हणजे आधी तिनं सांगायचं की संशयितांत माझा बाप आहे. दुसरं सांगायचं की माझं यंत्र गावाला टोळी समजतं. मिसळणाऱ्यांचे वकील उद्यापासून प्रत्येक खटल्यात तेच वाक्य वाचतील. त्यापेक्षा आत्ता सगळं गोठवू, बापाचं पाकीट सहा महिन्यांत अपिलात सुटेल.

“सर, सहा महिने भट्टी बंद राहिली तर सोनार दुसरा माणूस बघतो,” शर्वरी म्हणाली. “आणि एकाच्या नाही, बासष्टांच्या भट्ट्या बंद होतील. माझ्या एका वाक्यामुळे.”

“तू बोललीस तर ‘कस’ तुझ्या हातात राहणार नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

सोमवारी समितीच्या अध्यक्ष इंदुमती बोरकर, नागपूरच्या निवृत्त न्यायाधीश, खुर्चीत येऊन बसल्या तेव्हा शर्वरीनं पडद्यावर पहिलीच ओळ आणली ती स्वतःच्या नावाची आणि गावाची. मग तिनं चूक सांगितली, सदोष म्हणून गाळलेलं वर्ष दाखवलं आणि त्याखालची सहीही दाखवली. एक लय म्हणजे एक हात हे वाक्य माझं आहे आणि ते चूक आहे, कारण लय गावाचीही असते, असं ती म्हणाली.

बोरकरबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. यंत्र बनवणाऱ्यानंच यंत्राची चूक सांगावी, असा प्रसंग आपल्या साऱ्या कारकिर्दीत आला नव्हता, एवढं त्या म्हणाल्या आणि लगेच निकालाकडे वळल्या. हितसंबंधामुळे शर्वरी नलवडे या प्रकरणातून बाजूला. निकाल लागेपर्यंत तिनं पाकीटधारकांपैकी कुणाशीही बोलायचं नाही. त्रेसष्टही पाकिटांना सात दिवस खिडक्या बंद. आणि जाहीर सूचना काढायची, की चैत्र शुद्ध एकादशी ते पौर्णिमा व्यवहार बंद ठेवणाऱ्या पाकीटधारकांनी सातव्या दिवशी पाकीट उघडणाऱ्या आपल्या किल्लीसह पुण्यात समक्ष हजर व्हावं. चार वाजता सगळ्यांनी एकाच क्षणी किल्ली फिरवायची. एका हाताला त्रेसष्ट किल्ल्या फिरवता येत नाहीत. जो येणार नाही त्याचं पाकीट जप्त.

सरकारी सूचनेत तिथी छापून येण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग. बाहेर पडल्यावर केळुसकर म्हणाले, की यायला कायद्यानं कुणाला भाग पाडता येत नाही. निनावी राहणं हा त्यांचा हक्क आहे. सरकारी कचेरीत येऊन आपणहून नाव सांगायचं, तेही सोन्याच्या धंद्यातल्या माणसांनी, म्हणजे जरा जास्तच झालं. दहा आले तरी पुष्कळ.

त्या आठवड्यात सकाळी नऊला वडिलांचा फोन वाजे आणि शर्वरी तो वाजू देई. पहिल्या दिवशी तो तीनदा आला, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही. वडील रागावले असतील, गावात त्यांना खाली बघावं लागत असेल, असं मनात येऊन तिला अन्न गोड लागेना.

सातव्या दिवशी ती केंद्राच्या वरच्या गॅलरीत काचेमागे उभी राहिली. तेवढी परवानगी मिळाली होती. नऊला दार उघडलं तेव्हा बाहेर रांग होती. पांढऱ्या टोप्या, जीन्स, तमिळ वळणाची मराठी, बंगाली वळणाची मराठी, हातात पिशव्या, बोटं तेजाबानं पिवळी पडलेली. तिरुचीहून दोन दिवस प्रवास करून एक म्हातारे आले होते. सुरतेचे एक जण दवाखान्यात होते, त्यांच्या जागी त्यांची सून किल्ली घेऊन आली होती. कारकुनानं मोजले. बासष्ट.

रांगेत अकरावे हणमंत नलवडे होते, इस्त्रीचा सदरा घालून. अर्जात एक रकाना होता, या प्रकरणातील अधिकाऱ्यांशी नातं. कारकुनानं तो सवयीनं ‘नाही’ लिहून पुढं ढकलला होता. हणमंतरावांनी हात आडवा घातला.

“ते खोडा,” ते म्हणाले. “शर्वरी नलवडे माझी लेक हाय. नीट लिवा.”

कारकून अडचणीत पडला. मग तुम्हाला वेगळं बसावं लागेल, तुमची तपासणी सगळ्यांत शेवटी होईल, दोन जादा अधिकाऱ्यांसमोर, असं त्यानं सांगितलं. हणमंतराव बरं म्हणाले आणि भिंतीशी ठेवलेल्या एकट्या खुर्चीवर जाऊन ताठ बसले. सकाळच्या साडेनवापासून चारपर्यंत, सगळ्या गावासमोर. काचेमागे शर्वरीला रडू आवरेना, आणि ते दुःखाचं नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चार वाजता बोरकरबाईंनी हात वर केला. बासष्ट किल्ल्या एकदम फिरल्या. पडद्यावर बासष्ट हिरवे ठिपके उजळले आणि उजव्या कोपऱ्यात एक काळाच राहिला. पाच वाजेपर्यंत त्याला कुणी वाली आला नाही. बाकीचे बाजूला काढल्यावर त्या एकट्याची लय ओळखणं ‘कस’ला अवघड नव्हतं. सव्वापाचला ते पाकीट जप्त झालं आणि त्यात म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनीचे एक्याऐंशी कोटी निघाले. केळुसकर खाली उतरले आणि तिरुचीच्या म्हाताऱ्यांच्या पाया पडले.

साडेपाचला शर्वरीवरची बंदी उठली. ती जिन्यावरून धावतच खाली गेली. वडील फाटकाशी उभे होते. इतके दिवस जे बोलायचं म्हणून जुळवून ठेवलं होतं त्यातलं तिला काही आठवेना.

“अण्णा, मला सगळं आधीच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्याशी रोज बोलत होते, पण सांगितलं नाही. नंतर फोनही उचलला नाही.”

“दुसऱ्या दिशी सूचना वाचली आन् उमगलं. मग फोन केला न्हाई. म्हटलं, लेकीला कशाला मोहात पाडा.” हणमंतरावांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. “तू आधी कानावर घातलं असतंस ना बाय, तर मी कुलूप लावून बरेलीतच बसलो असतो. एवढ्या लोकांत उभं राहून माझी लेक म्हणून कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?”

फाटकाबाहेर माळवंडीची माणसं गाड्यांच्या वेळा बघत उभी होती. त्यांतल्या कुणीतरी हणमंतरावांना हाक मारून विचारलं, की ही पोरगी कुणाची. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. हणमंतरावांनी तिचा हात धरला आणि तिला घेऊन ते त्या गर्दीत शिरले.